कांद्याच्या अडतीवरच्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. मार्केट यार्डात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. पण आभार मात्र चारचौघांत मानणार आहे, तेवढं चालवून घ्या.

ऐकू न येणाऱ्या मुलांच्या आयांचा आमचा गट. गटातल्या सगळ्या मुलांना कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं यंत्र, बसवलेलं आहे. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली, ते ऋण मोठंच. पण एकदा बसवलं आणि मिटलं, असं त्या यंत्राचं नसतं. कानामागचा प्रोसेसर, डोक्याला चुंबकानं चिकटणारी कॉइल, दोन्हींना जोडणारी नाजूक वायर, बॅटऱ्या. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! पारा ४० च्या वर गेला की पोरांच्या कानामागून घाम निथळतो आणि यंत्रात ओल शिरते. वायर तर खेळता खेळता तुटते, आणि हमीची मुदत संपली असली तर तिला काही हजार मोजावे लागतात. आमच्यातली एक जण विड्या वळून घर चालवते. गेल्या वर्षी वायर घेता येईना म्हणून तिचा मुलगा दोन महिने काहीच न ऐकता बसून होता. नुकतं बोलायला लागलेल्या पोराचे दोन महिने असे जाणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक.

तुमच्याकडे आलो ते पाचशे-हजाराची पावती फाडायला. शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पट्टी लिहिता लिहिता तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मग उठलात आणि आम्हाला मागच्या खोलीत नेलंत. बाहेर कांद्याची पोती, हमालांचा आरडाओरडा, आणि आत काचेची दोन कपाटं भरून खेळणी! लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली, वात पेटवली की फटफटत जाणारी पत्र्याची बोट. १९६८ पासून निघणाऱ्या हॉट व्हील्सच्या गाड्या, खऱ्या गाडीच्या साधारण ६४ व्या हिश्शाएवढ्या. आपल्याकडे फनस्कूलनं काढलेले जी. आय. जो हे सैनिक बाहुले, पाकिटातून कधी बाहेरच न काढलेले. आणि सगळ्यात खालच्या फळीवर सह्यांची खेळणी : मान डोलावणारे क्रिकेटपटू, एका अभिनेत्रीनं घेरावर सही केलेली कापडी बाहुली, आणि तो लाल ट्रक.

"खालची फळी घेऊन जावा," म्हणालात. "लिलाव करू की. मला दुसरं काय येतंय?"

काका, खेळणी दिलीत त्याचे आभार आहेतच. पण त्याहून जास्त आभार तुम्ही आम्हाला ठिकठिकाणी अडवलंत त्याचे आहेत. आमच्यातल्या एकीनं डोलणाऱ्या बाहुल्यावरची धूळ पुसायला सॅनिटायझरचा बोळा घेतला होता. तुम्ही तिचा हात वरच्या वर धरलात. प्लॅस्टिकवरची मार्करची शाई स्पिरिट लागलं की निघून येते, हे आम्हाला कुठं माहीत? मऊ कोरडा ब्रश वापरायचा, सहीला बोट लावायचं नाही, आणि खिडकीच्या उन्हात तर ठेवायचंच नाही, सही फिकी पडते. दुसरी एक जण खोकी फेकून द्यायला निघाली होती. तिला तुम्ही सांगितलंत की हौशी माणूस खोक्यासकट घेतो.

आणि ती छोटी बॅट. एका भल्या गृहस्थांनी आमचा लिलाव आहे हे ऐकून आणून दिलेली, अख्ख्या संघाच्या सह्यांची. आम्ही हरखून गेलो होतो. सगळ्यात मोठी बोली हिच्यावर लागणार म्हणून यादीत तिला पहिला नंबर दिला होता. तुम्ही ड्रॉवरमधून भिंग काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. "तुम्हीच बघा." आधी बाहुलीच्या घेरावरची सही दाखवलीत. अक्षराला अक्षर ओलांडतं तिथं शाई दाटलेली, कुठं दाब जास्त, कुठं रेघ सुटत गेलेली. मग बॅट. भिंगाखाली सही विरघळली आणि नुसते ठिपके दिसायला लागले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. सह्या छापील होत्या.

खरं सांगते, मी तेव्हा म्हणाले होते, "काका, कुणाला कळणार आहे? पैसा तर मुलांसाठीच आहे." तुम्ही रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "वरच्या थरात चांगला माल लावून खाली सडका भरला, तर शेतकऱ्याची पट्टी एकदाच चांगली येते." ते वाक्य अजून कानात आहे. बॅट लिलावात ठेवली, पण समोर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावून : "सह्या छापील आहेत." जवळ जाऊन त्या गृहस्थांना आधी तुम्हीच समजावलंत, त्यांना कमीपणा न वाटू देता. बॅट गेली. एका आजोबांनी नातवाला खेळायला ६०० रुपयांना घेतली. आणि ती चिठ्ठी वाचल्यावर लोकांनी बाकीच्या सह्यांबद्दल एकही शंका काढली नाही, हे मी तिथं उभी राहून पाहिलं.

हिशोबाचंही तसंच. वस्तू घेऊन दिलेला पैसा म्हणजे देणगी नव्हे, आयकरात सवलत देणाऱ्या ८०जीच्या पावतीची आशा कुणाला लावू नका, हे तुम्ही लिलावाआधीच सांगायला लावलंत. दोघे-तिघे नाराज झाले, पण थांबले.

आता लाल ट्रकबद्दल. तो तुम्ही द्यायला नको होता, असं मला अजून वाटतं. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक संपल्यावर तुम्ही तो खिशात घेऊन रंगपटाच्या दाराशी थांबला होता, आणि त्या नटानं ट्रक उलटा करून पोटावर सही केली. काकू शेजारी होत्या. सही होत असतानाचा फोटो त्यांनीच काढलेला, आणि नाटकाची दोन तिकिटं. सही खरी असल्याचा पुरावा म्हणून फोटो आणि तिकिटं ट्रकबरोबर गेली पाहिजेत, हे तुम्हीच म्हणालात आणि लिफाफ्यात घालून दिलीत. काकू गेल्याला किती वर्षं झाली, ते तुमच्या अडतीवरच्या पोरानं मला नंतर सांगितलं. आधी कळतं तर मी तो लिफाफा घेतलाच नसता. बोली ११,००० वर थांबली तेव्हा "तीनवार" म्हणायला तुम्ही जरा वेळ लावलात. लोकांना वाटलं, बोली वाढायची वाट बघताय.

फोटोची एक प्रत आम्ही काढून ठेवली आहे, काका. घेणाऱ्यानंच आपणहून काढू दिली. ती तुमच्या कपाटात ठेवायला मी घेऊन येणार आहे.

विड्या वळणाऱ्या ताईच्या मुलाला वायर मिळाली, शिवाय एक जादाची. चौघांच्या कॉइल बदलल्या. प्रत्येक घरात ओल शोषणारा डबा दिला. उरलेले पैसे गटाच्या खात्यात आहेत, पुढच्या उन्हाळ्यासाठी.

आणि एक तुम्हाला सांगायचंच राहिलं. माझी लेक त्या दिवशी पहिल्या रांगेत होती. बाई तिच्याकडून सहा महिने "र" घोटून घेतायत, तो काही केल्या येत नव्हता. घराला ती "घल" म्हणायची. परवा संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, तर बाहेर हिनं बाहुल्या ओळीनं मांडलेल्या आणि तुमच्यासारखाच हात वर करून, तुमच्यासारखंच लांबवून पुकारा चाललेला : "एकवाऽर... दोनवाऽर..." माझा हात परातीतच थांबला. तिसऱ्यालाही "र" स्वच्छ आला.

रविवारी यार्डाला सुट्टी असेल तेव्हा घरी या. तिला तुम्हाला पुकारा करून दाखवायचा आहे.

तुमची,
पहिल्या रांगेतल्या मुलीची आई
सोलापूर