आई, तर्री इथेच राहील

कॅल्गरी (कॅनडा), मार्च अखेर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटं पक्की झाली. यंदाचा मे महिना तुम्हाला कुलरसमोर बसून काढावा लागणार नाही, याचा फार आनंद झालाय. फोन ठेवता ठेवता आईने विचारलं, "आम्ही येऊ तेव्हा त्या मांजरीला कुठे ठेवशील?" मला ऑफिसला निघायचं होतं, तुमची जेवणं व्हायची होती, उत्तर राहून गेलं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंही, म्हणून हे पत्र.

कुठेच नाही ठेवणार, आई. तर्री इथेच राहील. प्राण्यांच्या आश्रयगृहातून तिला आणताना मी लिहून दिलंय की हिला शेवटपर्यंत सांभाळीन, आणि कधी जमलंच नाही तर परस्पर कोणाला न देता त्यांच्याकडेच परत आणीन. तिचं एक घर आधीच सुटलंय. दुसरं सुटू द्यायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवूनच तिला घरी आणली.

नाव तर्री, कारण अंगावर काळा आणि लालसर रंग असा एकमेकांत मिसळलाय की नागपूरच्या पोह्यांवरची तर्रीच आठवावी. अशा रंगाच्या मांजरी जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. लाल रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि काळा व लाल दोन्ही दिसायला तशी दोन गुणसूत्रं लागतात, आणि ती बहुधा मादीतच असतात. बाबांना हे आवडेल म्हणून लिहिलं.

आई, तू म्हणतेस की मांजर घराची असते, माणसाची नसते. नागपूरच्या महाल भागातल्या घरी आजीची मांजर तशीच वागायची, हे मलाही आठवतं. छपराच्या कवेलूंवरून यायची, दूध प्यायची, निघून जायची. एकदा माळ्यावर गोधड्यांच्या पेटीत व्यायली, तर पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत आजीने ती पेटी कोणाला हलवू दिली नाही. "सात घरं फिरवते ती पिल्लं, आपलं हे पहिलं," म्हणायची. पुढे एक दिवस ती मांजर गेली ती आलीच नाही. आजी कितीतरी संध्याकाळी ओट्यावर वाटी ठेवत राहिली. मांजर आपली नसते म्हणायचं आणि तिच्यासाठी वाटीही ठेवायची, हे आपल्याच घरात पाहिलंय मी.

तर्रीचं मन कळायला वेळ लागला. आणल्यावर ती पलंगाखाली जी शिरली ती माझ्यासमोर बाहेर येईना. रात्री मी दिवे मालवले की खायची. आश्रयगृहातल्या बाईंनी सांगितलं होतं, ओढून काढू नका, एकाच खोलीत राहू द्या, तुम्ही नुसत्या बसा. मी जमिनीवर बसून ऑफिसचं काम करायची. मग एका संध्याकाळी ती येऊन माझ्याकडे पाठ करून बसली. मला वाईट वाटलं होतं. नंतर कळलं की मांजर ज्याच्यावर विश्वास टाकते त्याच्याकडे पाठ करूनही निवांत बसते.

बाबा, तुम्ही आम्हाला महाराजबागेत वाघ दाखवायला न्यायचे. त्या कुळातले बहुतेक सगळे एकेकटे शिकार करणारे, आणि घरातलं मांजर त्यातलंच. कुत्र्याचे पूर्वज टोळीने राहिले, म्हणून तो आपल्या तोंडाकडे बघून वागतो. मांजराची गोष्ट वेगळी. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, कोठारात धान्य साठलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर. त्याला कोणी बांधून आणलं नव्हतं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, त्यात माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेली आहे. आपल्या पायांनी आलेला प्राणी आजही तसाच येतो. हाक मारली म्हणून नाही, त्याला यावंसं वाटलं म्हणून.

पण हाक त्यांना कळते. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की पाळीव मांजरं आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. तर्रीचा कान माझ्याकडे वळतो, ती वळत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात पिल्लांना अनोळखी खोलीत ठेवून पाहिलं. सुमारे ६४ टक्के पिल्लं आपलं माणूस परत येताच निवांत झाली आणि पुन्हा खोली हुंगू-पाहू लागली. जीव लावल्याशिवाय हे होत नाही, आई. इथे हिवाळ्यात उणे तीसपर्यंत पारा उतरतो, चार वाजताच उजेड कलायला लागतो, आणि मी घरी येईपर्यंत तुमच्याकडे पहाट झालेली असते. अशा वेळी दाराशी शेपटी उभी करून कोणी येतं. रोज येत नाही. ज्या दिवशी येते, त्या दिवशी ती मनापासून आलेली असते, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाबांनी विचारलं होतं की तिला घरात कोंडून ठेवणं हा अन्याय नाही का. मीही यावर खूप विचार केला. कॅल्गरीत मांजराचा नगरपालिकेकडून परवाना काढावा लागतो आणि तिला मोकाट सोडता येत नाही. शिवाय शहरात कोल्ह्यासारखे कायोटी फिरतात, आणि ती थंडी. नियम नसता तरी आजीची ती वाटी आठवून मी तिला सोडली नसती. मात्र घरात ठेवायचं तर घर तिच्या सोयीचं हवं. म्हणून खिडकीशी उंच फळी, काथ्या गुंडाळलेला खांब, आणि संध्याकाळी दोरीला बांधलेल्या पिसामागे तिची शिकार. पहाट आणि तिन्हीसांजा या तिच्या जागण्याच्या वेळा. बाकी दिवसाचा बराच वेळ ती झोपते. आई, तू तिची नखं काढून घे म्हणालीस, तर ती नुसती नखं नसतात, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाड कापतात. इथल्या अल्बर्टा प्रांतात पशुवैद्यांना २०१९ पासून ते करायला मनाई आहे, आणि मला ते योग्य वाटतं.

आता तुझी खरी अडचण. आपल्या घरात कधी मांस आलं नाही, आणि मी डब्यातलं का होईना, ते घरात आणते. पोळी-दुधावर तिला ठेवता आलं असतं तर मी ठेवलं असतं. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मुख्यतः मांसातूनच मिळतं. नाही मिळालं तर डोळे आणि हृदय जातं. तिची भांडी, चमचा, घासणी सगळं वेगळं आहे आणि बाथरूमच्या कोपऱ्यात असतं. स्वयंपाकघरात त्यातलं काही येत नाही. देव काचेच्या कपाटात आहेत.

बाबा, तिला दूध देऊ नका, मोठ्या मांजराला बहुधा पचत नाही. कांदा-लसूण तिला विष आहे, म्हणून ताटातला घास नको. देवाला लिलीची फुलं आणायची नाहीत, त्यांच्या परागानेही मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं. आई, वाती वळल्यावर कापूस आणि सुई-दोरा डब्यात ठेव. दोरा गिळला तर आतड्यात अडकतो आणि पोट फाडायची वेळ येते. ती आली तर बोट पुढे करा, तिला हुंगू द्या. गाल घासला तर हनुवटीखाली खाजवा. पोट दाखवलं तरी हात लावू नका. शेपटी आपटायला लागली की थांबा. आणि नाहीच आली, तर मनाला लावून घेऊ नका.

एक काम आहे. माझी इथली एक मैत्रीण एप्रिलमध्ये धरमपेठेत माहेरी येतेय, ती तुमच्याआधी परतेल. तिच्याजवळ आईची एक वापरलेली सुती साडी आणि बाबांचा दुपट्टा द्या, धुऊ नका. तुमच्या खोलीत पलंगावर पसरून ठेवीन, म्हणजे तुम्ही याल तेव्हा तर्रीला तुमचा वास ओळखीचा झालेला असेल. मैत्रिणीचा नंबर पाठवते. तिची बॅग लहान आहे, तेव्हा साडीसोबत लोणचं, पापड काही बांधू नका.

तुमची लेक