मंत्रिमहोदय, यंत्रं पोचली. आता वाचता येतील अशा फायली द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय राज्यशास्त्र, माध्यम मराठी. मला दिसत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यावर हळहळायला नको. मला बोलायचंय ते फायलींबद्दल.

आमच्याकडे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक कपाट आहे. त्यात स्कॅनर, ब्रेल छापायचं यंत्र आणि दोन लॅपटॉप आहेत. ते आले त्या दिवशी फीत कापली, फोटो निघाले, मलाही मधोमध उभं केलं होतं. ब्रेलच्या यंत्रावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. मी हात फिरवून पाहिलंय. कपाटाची किल्ली एका लिपिकाकडे असते, ते रजेवर गेले की कपाटही रजेवर. पण खरं सांगू? ते सताड उघडं असतं तरी माझी अडचण सुटली नसती.

कारण वाचायचं साधन माझ्यापाशी आधीपासून आहे. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर मी वापरतो. 2006 मध्ये एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने त्याचं काम सुरू केलं. ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. मोबाइलमध्ये तेच काम करणारं टॉकबॅक असतंच. वाचणारा तयार बसलाय, त्याच्यापुढे ठेवायला मजकूर नाही.

सरांच्या नोट्स येतात. मी फाइल उघडतो आणि कानात इंग्रजी अक्षरांचा चिवडा सुरू होतो. दोष सरांचा नाही, जुन्या फॉन्टचा आहे. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना मराठीच दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे पाच इंग्रजी अक्षरं असतात : ई, जे, के, बी, एच. फॉन्ट त्या अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवतो, एवढंच. माझं सॉफ्टवेअर मुखवटा बघत नाही, आतलं अक्षर वाचतं. त्यामुळे संविधानसभेवरचं चाळीस पानांचं टिपण मला कुणीतरी कळफलकावर डोकं आपटल्यासारखं ऐकू येतं. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लेखीही मराठी अक्षरांत असता, तर मी तो रात्रीत ऐकून संपवला असता. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला, आम्हीही पेढे न वाटता का होईना आनंद केला. आता मराठीच्या फायलीत मराठी अक्षरं असावीत, इतकीच अपेक्षा आहे.

उरलेलं सगळं स्कॅन केलेलं असतं, नाहीतर व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो. एका कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा. फोटोतला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर आहे, पण तिरक्या, धूसर पानावर तेही चाचपडतं. परवा अभ्यास करताना मला ‘घनविधेयक’ भेटलं. हा कुठला प्रकार म्हणून बराच वेळ शोधलं. शेवटी मैत्रिणीला फोन केला तेव्हा कळलं, ते राज्यघटनेच्या अनुच्छेद 110 मधलं धनविधेयक आहे. ‘ध’चा ‘घ’ झाला आणि माझा एक तास गेला. नागरिकशास्त्र शाळेत शिकलेलं होतं म्हणून शंका तरी आली. नवीन संज्ञा असती तर तीच घोकून परीक्षेत लिहून आलो असतो.

कर्णबधिर मित्रांची तक्रार वेगळी असली तरी जातकुळी हीच : ऑनलाइन व्याख्यानं आहेत, खाली अक्षरं नाहीत. रॅम्पबद्दल मी लिहीत नाही. रॅम्पचं उद्घाटन करता येतं, त्यामुळे ते कधीतरी होतातच.

कायदा काय म्हणतो ते आपल्याला मी सांगायला नको, तरी एक गोष्ट निदर्शनास आणतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 32 ने आम्हाला शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा दिल्या. त्याच कायद्याच्या कलम 17 मध्ये पुस्तकं, अभ्याससाहित्य आणि साधनं मोफत द्यायची तरतूद आहे, पण ती वयाच्या 18 वर्षांपर्यंत. म्हणजे विद्यापीठाचं दार उघडतं त्याच सुमाराला पुस्तकाचं दार बंद होतं. कलम 42 मात्र वयाची अट घालत नाही. छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध होईल हे पाहायची जबाबदारी ते सरकारवर टाकतं. आपल्याला आधार हवा असेल तर तो इथे आहे.

विभागात मी एकदा पुस्तकाची मूळ फाइल मागितली, तर ‘कॉपीराइटचा प्रश्न येईल’ असं उत्तर मिळालं. तो प्रश्न 2012 मध्येच सुटलाय. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये तेव्हा दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तीसाठी सुगम प्रत करायला मोकळीक मिळाली. पुढे याच विषयावरच्या माराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. हे आमच्या विभागापर्यंत अजून पोचायचंय.

परीक्षेचंही थोडं सांगतो. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान 20 मिनिटं जादा आहेत, शिवाय शक्य तिथे संगणकावर उत्तरं लिहायची मुभा आहे. मी ती मागितली तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, “लेखनिक मिळतोय ना? मग कशाला भानगड?” पण स्वतःचा लेखनिक आणायचा तर तो आपल्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा. ‘अधिसत्ता’ आणि ‘अधिमान्यता’ मी त्याला फोड करून सांगत बसतो, तेवढ्यात जादा वेळ संपलेला असतो. टंकलेखन मला येतं. हे पत्रही मीच टंकलंय.

तर मागणी अशी. नवीन यंत्रं सध्या नकोत. अभ्यासक्रम, नोट्स, प्रश्नपत्रिका आणि सूचना यांतलं काहीही युनिकोड मजकुराच्या फाइलशिवाय विद्यार्थ्यांपर्यंत जाणार नाही, असा शासन निर्णय काढावा. प्रत्येक विद्यापीठात हे काम एका माणसाच्या नावावर असावं, आणि सत्र सुरू व्हायच्या आत फायली मिळाल्या नाहीत तर विचारणा त्यालाच व्हावी. ‘समिती नेमली आहे’ हे उत्तर कृपया नको. जुनी टिपणं युनिकोडमध्ये बदलायची साधनं कधीचीच उपलब्ध आहेत. बदलल्यावर एकदा नजरेखालून घालायला माणूस लागेल, तेवढा द्यावा. आणि त्या कपाटाची दुसरी किल्ली ग्रंथालयात ठेवावी.

आपलं उत्तर आलं तर आनंद होईल. फक्त सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पाठवू नये. पाठवायचाच असेल तर सोबत मजकूरही जोडावा, म्हणजे तो दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.

आपला,
एम.ए.चा एक विद्यार्थी