सूचना : रविवारची बैठक, कार्यक्रम आणि वेबसाइट

सर्व सभासदांना नमस्कार.

तरुणांच्या संगीताचा टीव्ही कार्यक्रम आणि सोबतची वेबसाइट, दोन्हींची आखणी रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या हॉलवर. परभणी-नांदेडकडच्यांनी आदल्या रात्रीच यावं, मुक्कामाची सोय आहे.

पहिल्या भागात तुळजापूरकडचं संबळ आणि आपल्या पोरांची गिटार एकत्र घेऊ. संबळाला माइक फार जवळ लावला की आवाज फाटतो, तेव्हा ध्वनीवाल्यांनी स्टँड सोबत आणावेत. नमुना चित्रण मोबाइल आडवा धरून, सेकंदाला २५ फ्रेम. उभी रील वेबसाइटवर चालून जाईल. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात.

हक्कांचं मात्र आत्ताच बघा. गोंधळाची पारंपरिक पदं कुणाच्या मालकीची नाहीत, पण कुणी केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. जुनी कॅसेट सापडली म्हणून लगेच अपलोड करू नका. परवानगीपत्रात टीव्ही आणि वेबसाइट दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. गायक १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची सही हवीच.

कार्यक्रमाच्या नावाचा वाद जेवणानंतर. आधी काढला तर बाकी काहीच व्हायचं नाही! येणार की नाही, शुक्रवारपर्यंत कळवा.

– समन्वयक