आण्णांची गाडी सुरू झाली

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर नुसतं ‘गाडी सुरू झाली’ एवढंच सांगितलं. तू मेकॅनिकलची, तुझं तेवढ्यावर समाधान व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टाटा आणि मर्सिडीजवाल्या डायम्लर-बेंझचा ट्रक बनवायचा करार १९५४ ते १९६९ असा होता. आण्णांची गाडी त्या काळातली, म्हणून पुढच्या जाळीवर तो मर्सिडीजचा तारा. नवा नाही घेतला, जुनाच घासून लावलाय. याच गाडीतून आण्णांनी कोल्हापूरचा गूळ आंबा घाटातून रत्नागिरीला उतरवला. बॉडी, रंग सगळं झालं, पण माझा जीव इंजिनात अडकला होता. क्रँक उद्यमनगरात ग्राइंड करून घेतला. लायनर, पिस्टन, रिंगा सगळं नवीन.

नवं बांधलेलं इंजिन कधीही थेट उठवायचं नाही. ऑइल पोचायच्या आत ते पेटलं, तर बेअरिंग तिथंच घासतात. म्हणून आधी स्टॉपची तार ओढून पंपाचं डिझेल बंद ठेवलं आणि टॅपेट कव्हर उघडं ठेवून सेल्फ मारला. थोडा मारायचा, थांबायचं, सेल्फ गार होऊ द्यायचा. प्रेशरचा काटा वर आला तरी मिस्त्री ‘हो’ म्हणेनात. ते वाकून रॉकर, म्हणजे वॉल्व दाबणारे दांडे, बघत होते. एकेका रॉकरवर ऑइल दिसायला लागलं. शेवटच्या सिलिंडरच्या रॉकरवरून थेंब ओघळला, तो त्यांनी बोटावर घेऊन बघितला आणि मगच कव्हर बसवलं.

मग डिझेलच्या लाइनीतली हवा काढली. फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. तसंच पंपाला, शेवटी नोझलच्या पाइपांना. मी इंजिन हवा ओढतं त्या तोंडापाशी फळी घेऊन उभा. वेग आवरणारा गव्हर्नर अडकला तर इंजिन चढतच जातं, चावी काढून ते थांबत नाही. हवाच कोंडावी लागते. फळी वापरायची वेळ आली नाही. तरी तू कधी इंजिन उठवशील तेव्हा फळी हाताशी असू दे, हे माझं ऐकच.

सिलिंडर तापवायला हीटर दिला, डॅशवरची तार लाल झाली, सेल्फ मारला. आधी दोन-तीनच सिलिंडर लागले. सगळी गाडी थरथरत होती, गॅरेजभर पांढरा धूर. आणि मग एकदम सहाही लागले. ताई, तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला! आण्णा रात्री नाक्यावर आले की तुझी आजी याच आवाजावर तवा चढवायची. मिस्त्रींसमोरच मला रडू आलं.

फार वेळ स्लोवर ठेवलं नाही. बिनलोडाचं फिरत ठेवलं की लायनर गुळगुळीत होतात, रिंगा बसत नाहीत. अर्धी वाळू भरून पन्हाळ्याच्या रस्त्याला काढली. चढाला ओढ चांगली आहे, पाणी तापत नाही, हेडलाही कुठं ओल नाही.

आता पहिलं ऑइल लवकर बदलायचं, हेड परत टाइट करायचं आणि टॅपेटची फट लावायची. ते मिस्त्रींना करू दिलेलं नाही, तुझ्यासाठी ठेवलंय. शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने निघ. फट मोजायचं फीलर गेज आण, इथलं पार झिजलंय.

तुझे
पप्पा