विरुद्ध बाजूच्या वकीलबाईंना

आदरणीय मॅडम,
स.न.वि.वि.

पक्षकारानं समोरच्या वकिलाला आभाराचं पत्र धाडायची रीत नाही. पण लेकीच्या भेटीचं अपील निकाली निघालं, पेढे वाटून झाले आणि तुम्हाला काहीच कळवलं नाही, हे मनाला लागून राहिलं.

माझ्या आधीच्या वकिलांचं एकच पालुपद होतं, ‘लहान लेकरू आईकडंच जातं हो.’ १९५६च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडं, असं आहे खरं. पण माझी लेक सात वर्षांची, आणि मी ताबा मागतच नव्हतो, भेट मागत होतो. कुटुंब न्यायालयाच्या अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या, आदेशावर अपील चालत नाही, हे त्यांनी सांगितलं; पण त्यावर थेट उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो, हे गिळलं. मुलं ही आईबापाची खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाचं १९७३ सालचं म्हणणं त्यांनी अर्जात घातलं आणि खाली पानभर तिच्या आईची नालस्ती. तोवर मी आपला कोर्टाच्या बालकक्षात, चाक मोडलेल्या गाडीशी तासभर खेळणारा बाप.

त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या बेंचवर न्यायमूर्तींनी लेकीला चेंबरमध्ये बोलावलं होतं. (ऑगस्ट २०२५ मध्ये ते बेंच सुरू झालं म्हणून सांगलीकरांच्या मुंबईच्या खेपा तरी टळल्या.) व्हरांड्यात या टोकाला मी, त्या टोकाला तुम्ही तिघी. मला बघून ती दोन पावलं पुढं आली आणि थबकली. एकदा आईकडं बघे, एकदा माझ्याकडं. तुम्ही मोबाईलमध्ये डोकं घातलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती. तुम्ही वाकलात, तिच्या गळ्यातली पाण्याची बाटली काढून घेतलीत आणि म्हणालात, “ही मी धरते. जा, बाबांना भेटून ये. आईला विचारलंय मी.”

विचारलं नव्हतंत. तिच्या आईचा चेहराच सांगत होता. पण तीही गप्प राहिली, त्याबद्दल तिचेही आभार. लेक माझ्या कमरेला बिलगली होती आणि तुम्ही झाकण चावलेली ती बाटली घेऊन उभ्या. पाणी ठिबकून गाऊन भिजत होता, तुमचं लक्ष नव्हतं.

पुढं कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांच्या संमतीनं ठरलेल्या अटी, झाल्या. दिवाळीची आणि मेची निम्मी सुट्टी, शनिवारी मुक्काम. कागदावर दोन्ही वकिलांच्या सह्या आहेत. पण गाठ सैल झाली ती व्हरांड्यातच, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही अशिलाशी बेइमानी केली नाहीत, माझी बाजूही घेतली नाहीत. भल्या माणसाला दोन्ही सांभाळता येतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. कोर्टाची पायरी चढू नये म्हणणाऱ्यांना हल्ली मी हेच ऐकवतो.

तुमची फी माझ्याकडून घेता येणार नाही, ठाऊक आहे. विरुद्ध पक्षकाराकडून किलोभर सांगलीची हळद चालते का, तेवढं कळवा.

आपला,
लेकीचा बाबा