पार्ट फुकट, मग मजुरी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीत बसवलेला नवा पार्ट वॉरंटीच्या मुदतीत निकामी झाला, तर गिऱ्हाइकाच्या पदरात नेमके काय पडते, याविषयी हे पत्र. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. गाडी स्वतः चालवते आणि तिच्या देखभालीकडेही माझेच लक्ष असते. अनुभव थर्मोस्टॅटचा आहे. गॅरेजचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या अटींबद्दल माझी तक्रार आहे त्या सर्रास सगळीकडे लावल्या जातात.

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवरची झडप. तिच्यात धातूची एक छोटी डबी असते आणि डबीत मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना स्प्रिंग झडप मिटून धरते, त्यामुळे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, इंजिनातल्या इंजिनातच फिरते आणि इंजिन लवकर तापते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगते, दांडीला रेटा बसतो, झडप उघडते आणि गरम कूलंट थंड व्हायला रेडिएटरकडे निघते. काही नव्या गाड्यांत जोडीला विजेची सोय असते, पण मूळ काम मेणच करते. इतक्या साध्या गोष्टीवर इंजिनाची तब्येत अवलंबून असते. झडप उघडी अडकली की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढत नाही, हीटरला ऊब येत नाही आणि पेट्रोल जास्त लागते. बंद अडकली तर इंजिन भलतेच तापते, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या जोडातले सील) जाऊ शकते, सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकू शकते आणि दुरुस्ती थेट इंजिन खोलण्यावर येऊ शकते.

माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट आधी उघडा अडकला होता. गॅरेजने तो बदलला आणि पावती दिली. नवा बसवून फार काळ लोटला नव्हता, तोच एका प्रवासात काटा लाल पट्टीकडे सरकला. मी लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. बोनेट उघडले तर इंजिनाची धग चेहऱ्यावर येत होती आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज (रबरी नळी) जेमतेम कोमट होता. म्हणजे गरम कूलंट पुढे जातच नव्हते. रेडिएटरच्या टोपीला मी हात लावला नाही. दाबाखाली असल्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण टोपी सैल होताच उसळून अंगावर येते. ही गोष्ट गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी.

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. तिथे पहिले उत्तर मिळाले, ‘कूलंट कमी झालं असेल, पार्ट तर नवाच आहे.’ मी पार्ट काढायला लावला आणि एका भांड्यात पाणी तापवायला सांगितले. त्या थर्मोस्टॅटच्या कडेवर ८२ हा आकडा ठोकलेला होता, म्हणजे ८२ अंश सेल्सियसच्या आसपास तो उघडायला लागायला हवा. शेजारी तशाच आकड्याचा दुसरा कोरा नगही दोऱ्याने लोंबकळत सोडला, तळाला टेकू दिला नाही, आणि पाण्यात तापमापक धरला. आकडा ऐंशीच्या पुढे गेला तसा कोरा नग हळूहळू उघडू लागला आणि पाणी खळखळेपर्यंत चांगला फाकला. माझ्या गाडीतला नग उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला. सगळे मेकॅनिक भोवती उभे होते. त्यानंतर कूलंटचा विषय कोणी काढला नाही.

पार्ट वॉरंटीत मिळाला. बिल मात्र आलेच. त्यात मजुरी होती, गॅस्केट होते, नवे कूलंट होते. कारण विचारले तेव्हा ‘वॉरंटी फक्त पार्टची’ असे सांगून पावतीच्या मागची बारीक अक्षरे दाखवली. त्याच अक्षरांत आणखी दोन अटी निघाल्या. बदलून दिलेल्या नगाची मुदत पहिल्या खरेदीच्या तारखेपासूनच मोजायची, आणि पार्ट बिघडल्यामुळे इंजिनाचे काही नुकसान झाले तर त्याची भरपाई नाही.

थर्मोस्टॅट हा गाडीतल्या स्वस्त पार्टपैकी एक. खर्च असतो तो त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा. कूलंट काढायचे, थर्मोस्टॅटवरचे हाउसिंग (झाकण) सोडवायचे, जुन्या गॅस्केटचे चिकटलेले अवशेष खरवडायचे, नवे कूलंट भरायचे आणि इंजिन चालू ठेवून आतली हवा काढायची. काही गाड्यांत तर आधी दुसरेच चार भाग उतरवावे लागतात. अशा पार्टवर केवळ पार्टची वॉरंटी देणे म्हणजे खर्चाचा सर्वांत लहान तुकडा सोडून बाकी सगळा गिऱ्हाइकावर ढकलणे होय. सदोष माल बनवणारा आणि विकणारा सुटतो, ज्याचा काही दोष नाही तो दुसऱ्यांदा पैसे मोजतो. हे मला मुळीच पटत नाही.

विक्रेत्यांची बाजूही मी समजू शकते. थर्मोस्टॅट उलटा बसवला, त्यावरची हवा सुटण्याची छोटी पिन वरच्या बाजूला ठेवली नाही, किंवा आत हवा कोंडली, तर चांगला नगही बदनाम होतो. पार्ट एका दुकानातून आणि बसवणी दुसरीकडून असली की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यात कोणाचे चुकले हे ठरवणे खरोखर अवघड असते. पण जिथे पार्टही त्यांचा आणि हातही त्यांचेच, तिथे ही सबब कशी चालेल?

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी थंड राहील’ असा सल्लाही मला या सगळ्यात एका जाणत्या माणसाने दिला. तो अजिबात मानू नये. इंजिन कायम थंड राहिले की इंधन नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरते आणि इंजिनाची झीज वाढते.

गॅरेजचालकांना माझी विनंती आहे. बिलावर पार्टचा क्रमांक, बसवल्याची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहावेत, आणि पार्टची मुदत व मजुरीची मुदत वेगवेगळी नोंदवावी. काढलेला पार्ट न मागता गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. बोनेट बंद होण्याआधी या गोष्टी मागून घेणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, आणि वाचकांनी त्या मागायला संकोच करू नये.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांची माहिती नेमाने येते. त्याच पानावर सुट्या पार्टच्या वॉरंटीच्या अटी, विशेषतः मजुरी कोण देते हे, कंपनीवार छापता येईल का? विक्री आणि बसवणी एकाच छताखाली असेल तर सदोष पार्ट बदलण्याची मजुरीही वॉरंटीत धरावी, या मागणीला आपल्या वृत्तपत्राने जागा द्यावी.

आपली,
एक निवृत्त विज्ञानशिक्षिका