गांधीलमाशीला कर्करोग ओळखता येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गांधीलमाशीचे विष कर्करोगाच्या पेशी मारते आणि निरोगी पेशींना धक्का लावत नाही, ही आपल्या अंकातली बातमी वाचली. तिचे कात्रण आता व्हॉट्सअॅपवर फिरते आहे आणि 'द्राक्षबागेत फुकटचे औषध' असे शेरे त्याखाली पडत आहेत. बातमी पूर्ण खोटी नाही, पण कळीचा भाग गाळला गेला आहे.

हे संशोधन २०१५चे. ब्राझीलमधल्या पॉलिबिया पॉलिस्टा या गांधीलमाशीच्या विषात एमपी-१ नावाचे अवघ्या १४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी, असते. पाण्यात त्याला ठरावीक आकार नसतो. पेशीच्या पटलाला, म्हणजे तिच्या पातळ आवरणाला, टेकले की ते मळसूत्रासारखा पीळ घेते. मग त्याच्या एका अंगाला धनभारित, पाण्यात रमणारी आम्ले येतात आणि दुसऱ्या अंगाला तेलकट. धनभार पटलातल्या ऋणभारित मेदांकडे ओढला जातो, तेलकट अंग आत शिरते, पटलाला भोके पडतात आणि पेशीतला ऐवज बाहेर गळतो.

निरोगी पेशीत फॉस्फॅटिडिलसेरीन हा ऋणभारित मेद पटलाच्या आतल्या थरात असतो. कर्करोगाच्या बऱ्याच पेशींत ही मांडणी बिघडते; तो आणि फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन बाहेरच्या थरात येतात. (नावे जड आहेत, पण सगळा खेळ त्यांचाच.) पहिल्यामुळे पेप्टाइड जास्त चिकटते, दुसऱ्यामुळे भोके मोठी होतात. म्हणजे विष रोग ओळखत नाही, विद्युतभार तेवढा ओळखते. आणि हे पाहिले गेले ते प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम पटलांवर. रुग्णांवर नव्हे.

बागेत माशी चावते तेव्हा अंगात एकटे एमपी-१ जात नाही. आपल्याकडच्या माश्या पॉलिबिया नव्हेतच. पण गांधीलमाश्यांच्या विषात आग-सूज आणणारे हिस्टामिन असते, पटलातले मेद तोडणारी विकरे असतात, आणि मास्टोपरानच्या जातीची पेप्टाइडे असतात. मास्टोपरान १९७९मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी वेगळे केले. ते आपल्याच निरोगी मास्ट पेशींना त्यांच्यात साठलेले हिस्टामिन ओतायला लावते; चावल्यावरची आग आणि सूज यात त्याचा हात असतो. निरोगी पेशींना धक्का नाही, हे इथेच खोटे ठरते. एकाच वेळी पुष्कळ दंश झाले तर तांबड्या पेशी फुटतात, स्नायू झिजतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. म्हणूनच संशोधक या पेप्टाइडांची रचना बदलून मानवी पेशींना होणारी इजा कमी करू पाहत आहेत. मास्टोपरानवर असे काम २०२०मध्ये अमेरिकेत झाले, तेही जिवाणूंच्या संसर्गासाठी आणि उंदरांवर.

आपल्याकडे द्राक्षांच्या काढणीच्या दिवसांत फुटलेल्या मण्यांवर या माश्या घोंघावतात आणि तोडणीच्या मजुरांना चावतात. लोक चुना लावतात, लोखंड घासतात. साध्या दंशाला धुऊन बर्फ लावणे पुरते. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा चक्कर आली, तर मांडीत अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हवे आणि तेही ताबडतोब. घरगुती उपायात वेळ घालवू नये.

तेव्हा दोन विनंत्या. अशा बातमीच्या मथळ्यातच प्रयोग परीक्षानळीत, उंदरांवर की माणसांवर झाला हे लिहावे. आणि दंशानंतरची लक्षणे व उपचार यांची चौकट निफाड-दिंडोरीच्या पानावर काढणीआधीच छापावी.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
गंगापूर रोड, नाशिक